गार हवेच्या बाजूचे चार पिंजरे

शिरपूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी उंदरांची खोली सांभाळतो. तिथे आठ पारदर्शक पिंजऱ्यांचं एक यंत्र आहे. उंदीर किती खातो, किती प्राणवायू घेतो आणि त्यावरून त्याचं शरीर किती ऊर्जा जाळतं, हे ते मोजतं. असं यंत्र प्रत्येक कॉलेजाला घेता येत नाही, म्हणून धुळे-जळगावचे संशोधक आपापले उंदीर घेऊन आमच्याकडे येतात. पाच दिवस मोजणी चालते, मग माझ्या सहीने रिपोर्ट जातो.

मागच्या मे महिन्यात जळगावहून एक प्राध्यापिका आल्या. माहेर यावलकडचं, केळीच्या बागांतलं. केळीच्या खांबाच्या गाभ्याचा रस दिल्यावर लठ्ठ उंदरांमध्ये काय फरक पडतो, यावर त्यांची पीएच.डी. चालू होती. चार उंदरांना रस, चारांना नुसतं पाणी. गल्लत होऊ नये म्हणून मी रसाचे चारही पिंजरे खिडकीकडच्या मांडणीवर ठेवले आणि पाण्याचे दाराकडच्या.

निकाल बघून त्यांचा चेहरा खुलला. रसाचे उंदीर कमी खात होते आणि ऊर्जा मात्र कितीतरी जास्त जाळत होते. त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला. सोमवारी समितीपुढे सादरीकरण होतं.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, मी रिकामी मांडणी पुसत होतो. खिडकीकडे हात गेला आणि गार हवेचा झोत लागला. एसीची झडप खाली वळलेली होती. झोत सरळ त्या मांडणीवर येत होता. मी दोन्हीकडे थर्मामीटर ठेवले आणि स्टुलावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने खिडकीकडचा पारा चार अंश खाली होता. उंदराला गारठा लागला की अंग गरम ठेवायला तो जास्त ऊर्जा जाळतो. नव्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. झडप कोणी वळवली कोण जाणे. उकाड्याने वैतागून मीच वळवली असेन.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी आधी दार लावून घेतलं. रिपोर्ट गेलाय, कोणी तक्रार केलेली नाही, बाहेर कळलं तर इथे उंदीर कोण आणेल, असं ते बराच वेळ बोलत राहिले. माणूस वाईट नव्हता. हे केंद्र त्यांनीच खटपट करून उभं केलं होतं.

मी म्हणालो, "सर, सही माझी आहे. मी त्यांना सांगणार."

त्यांनी उठून लावलेलं दार उघडलं.

मॅडम माहेरी होत्या. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. शनिवारी सकाळी चोपड्यामार्गे यावलची एसटी धरली. वाटेत चारदा मनात आलं, पुढच्या थांब्यावर उतरावं.

त्यांच्या वडिलांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं एका दमात सांगितलं. मॅडम उभ्याच होत्या.

"किती अंशांचा फरक?"

"चार."

"पाचही दिवस?"

"तसंच धरावं लागेल."

त्या आत निघून गेल्या. त्यांचे वडील माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे मला घालवून देणार. ते हळूच म्हणाले, "मले त्यातलं काही कयत नाही, भाऊ. पन तिले परत करता येईन का, तेवढं सांगा."

येईल, म्हणालो.

सोमवारचं सादरीकरण पुढे ढकललं गेलं. त्यांच्या मार्गदर्शकांनी मला फोनवर जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात मॅडम तेच आठ उंदीर घेऊन आल्या. या वेळी एक रसाचा, एक पाण्याचा असे पिंजरे आलटून पालटून लावले आणि दोन्हीकडे थर्मामीटर टांगले. पाच दिवस त्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि दर तासाला आत येऊन पारा वहीत लिहायच्या. माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. डबा उघडला तरी पाठ करून.

शेवटच्या दिवशी आकडे आले. जास्त ऊर्जा जाळण्याचा सगळा फरक पुसला गेला होता. रसाचे उंदीर थोडं कमी खात होते, तेवढं मात्र टिकलं. कागद हातात घेऊन त्यांनी प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "हे लहान आहे. पण हे माझं आहे."

समितीपुढे त्यांनी दोन्ही निकाल मांडले आणि पहिला का चुकला तेही सांगितलं. काम मंजूर झालं, पण सहा महिने जास्तीचे लागले. त्यांनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. त्या अजूनही उंदीर आमच्याकडेच आणतात, पण आधी खोलीत शिरून झडप स्वतः बघतात.