मीठ कसंय आज?

फोन आला तेव्हा मी वन्संच्या खोलीतली गादी अंगणात उन्हात घालत होते. हे ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते, फोन त्यांनीच घेतला. "हो... हो..." एवढंच म्हणाले आणि हातातला फोन तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. वन्सं गेल्या. पुण्यात, झोपेतच. पुढच्या आठवड्यात त्या कायमच्या मुरुडला राहायला येणार होत्या.

वन्सं म्हणजे सुमनताई, ह्यांची थोरली बहीण. दूरच्या दीर्घिकांमध्ये तारे कसे जन्मतात हे बघणाऱ्या दुर्बिणींसाठी त्या रेडिओ रिसीव्हर बनवायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, रेडिओ दुरुस्त करत असतील. सासूबाईंचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर मी बिनदिक्कत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो निमूटपणे उघडला आणि सुरूही करून दिला. मग स्वयंपाकघरात पाटावर बसून मला सगळं समजावलं. ज्या थंडगार वायूतून तारे जन्मतात, तिथून निघणारी लाट त्या पकडत होत्या, जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढ्या लांबीची. ती इतकी क्षीण, की यंत्राची स्वतःची ऊबसुद्धा तिला झाकून टाकते, म्हणून रिसीव्हर भयंकर गार ठेवावा लागतो. मी म्हटलं, "बाळंतिणीला आपण शेक देतो आणि तुमच्या ताऱ्यांना गारठा?" त्या हसल्या ते ठसका लागेपर्यंत. "हे मी भाषणात सांगणार," म्हणाल्या. सांगितलं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

त्यांचा वैरी एकच, हवेतलं पाणी. अब्जावधी वर्षं चालत आलेली लाट अगदी दाराशी येते आणि आपल्याच हवेतली वाफ तिला गिळून टाकते, असं त्या कळवळून सांगायच्या. म्हणून दुर्बीण दूर देशी, वाळवंटातल्या उंच पठारावर, आणि वन्संही महिनोन्महिने तिथेच. ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं. तिथून फोन केला की "कशी आहेस" नाही, "काय चाललंय" नाही. पहिला प्रश्न, "मीठ कसंय आज?" आमच्याकडे हवा दमट झाली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. "ओलं," मी सांगायची. "मग मुरुडहून आज काही दिसायचं नाही." "आम्हाला तुम्ही दिसलात तरी पुरे," मी फणकाऱ्याने म्हणायची. रागच यायचा मला. गणपतीला येते म्हणायच्या आणि ऐन वेळी एखादा रिसीव्हर रुसायचा. उकडीचे मोदक वाफवताना ह्यांचं लक्ष सारखं फाटकाकडे.

यंदा मात्र येणार हे पक्कं झालं आणि मी कंबर कसली. खोलीला चुना काढला, कपड्यांच्या कपाटात विजेचा दिवा पेटता ठेवला, चपलांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्यासुद्धा जमवल्या. वन्संना हे सगळं फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "शोभा, खोली कोरडी करू नकोस गं. जन्मभर कोरड्या हवेच्या मागे धावले. आता मला आपली चिकट हवा अंगाला लागू दे."

"गादीला बुरशी धरेल."

"धरू दे."

दुसऱ्याच दिवशी मी गादी उन्हात काढली. ऐकेन तर ती मी कसली... आणि फोन आला.

पुण्याहून परतल्यापासून ह्यांनी बहिणीचं नाव घेतलं नव्हतं. वाडीत कामाला येणारी गंगा तेव्हा माहेरी गेली होती, तिला काही कळलेलं नव्हतं. आल्या आल्या तिने विचारलं, "ताय आली न्हाय अजून?" हे उठले आणि माडांत निघून गेले. सांगायचं माझ्यावर आलं.

आता पाऊस लागलाय. वन्संच्या खोलीच्या भिंती घामेजल्यात. गादीवर पांढुरके ठिपके दिसायला लागलेत, पण मी तिला हात लावत नाही.

परवा जेवताना आमटी अळणी झाली होती. मी बरणीचं झाकण काढलं. ताटावरची नजर न उचलता ह्यांनी विचारलं, "मीठ कसंय आज?"

"ओलं," मी म्हटलं.

त्यांनी ताट पुढे सरकवलं. मीठ चमच्यालाच चिकटून बसलं, बोटाने सोडवून वाढावं लागलं.