कडूबाई आणि कॅराव्हॅनचं छत

कडूबाईच्या हातात जे जे आलं ते एकतर चकाकलं नाहीतर फुटलं. चकाकलेल्यांत पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर आणि एका आमदाराच्या बंगल्यावरचा घुमट होता. फुटलेल्यांत बहुतेक माणसं होती.

त्यातला पहिला तिचा नवरा. कन्नडजवळच्या वस्तीवर नऊ वर्षं त्यानं तिला झिंज्या धरून बडवलं. दहाव्या वर्षी कन्नडच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत, कांदेवाल्याच्या तराजूपाशी त्यानं पुन्हा केसांना हात घातला. तिच्या हाताला दोन किलोचं वजन लागलं, ते तिनं त्याच्या जबड्यावर हाणलं. त्याचे दोन दात कांद्याच्या ढिगात पडले. कडूबाई तान्ह्या लेकीला, मेघाला, कडेवर घेऊन संभाजीनगरच्या एसटीत बसली. तिला याचा पश्चात्ताप झाला का, असं पुढे कोणी विचारलं की ती म्हणायची, "व्हय, लई झाला. नऊ वर्षं वाया घातली."

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आप्पासाहेबांची फायबरच्या वस्तू बनवायची शेड आहे. तिथं तिला घासकाम मिळालं. काम शिकवलं सांडूदादानं. तो तेव्हा पन्नाशीचा होता, बायको वारलेली, बोलणं मोजकं. पहिल्याच महिन्यात तिच्या हातून घासायचं मशीन निसटलं आणि तो हसला, तर तिनं पाण्याचा मग फेकून त्याचं कपाळ फोडलं. सांडूदादानं फडक्यानं रक्त पुसलं आणि म्हणाला, "झालं? आता मशीन उचल." त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलंच. फायबरची धूळ म्हणजे काचेची धूळ, कातडीत शिरली की जीव नकोसा करते. पण पंधरा वर्षांत तिनं त्या धुळीबद्दल कधी तक्रार केली नाही. माणसांबद्दल मात्र रोज करायची.

मागच्या वर्षी मुकुंदवाडीच्या गल्लीत एका टोळभैरवानं मेघाची ओढणी ओढली. पोरगी आता सोळा वर्षांची. कडूबाई कामावरून परतत होती, पिशवीत ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर होता. हा पेपर लोखंडावरचा गंज काढायचा. तिनं त्या पोराला खाली पाडलं, छातीवर बसली आणि त्याचा गाल घासायला घेतला. चौघांनी मिळून तिला ओढून काढेपर्यंत त्या गालावर कातडी म्हणावी असं फार काही उरलं नव्हतं.

अकरा दिवस तिनं हर्सूलच्या जेलात काढले. बाहेर आल्यावर पोलिसांच्या मोठ्या साहेबांनी तिच्याकडून बंधपत्र लिहून घेतलं: वर्षभर शांतता राखीन, कुणावर हात उचलणार नाही. आप्पासाहेब जामीन राहिले. पोलीस साहेब म्हणाले, "वर्षाच्या आत एक चापट जरी मारलीस तरी थेट आत." आणि आठवड्याभरात कन्नडहून नवऱ्याचा निरोप आला. तू आत गेलीस की पोरीला मी घेऊन जाणार, स्थळ बघून ठेवलंय. तो हे करणार याबद्दल कडूबाईला तिळमात्र शंका नव्हती. बंधपत्राला ती भीत नव्हती, जेललाही नाही. तिला भीती होती ती मेघा त्या घरात जाण्याची.

तेव्हापासून ती राग आला की दोन्ही हात काखेत दाबून उभी राहायची. शेडमधली माणसं याची चेष्टा करायची आणि लगेच दोन पावलं मागं सरकायची. असं करत करत वर्ष सरत आलं. बारा दिवस राहिले असताना विश्वजितची कॅराव्हॅन शेडमध्ये आली.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, संडास सगळं. उस्मानपुऱ्यातल्या या विश्वजितनं ती जुनी विकत घेतली होती आणि वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तो ती भाड्यानं देणार होता. तीन वर्षं गाडी उन्हात उभी. फायबरच्या छतावरचा चकाकता थर उन्हानं मरतो, त्याची भुकटी होते आणि बोट फिरवलं की खडूसारखी बोटाला लागते. तेवढंच असतं तर दोन दिवसांचं काम होतं. पण आपल्या शहरात उन्हाळा लागला की लोक गच्चीला चुन्यात फेविकॉल कालवून फासतात, घर गार राहतं म्हणून. या हुशार माणसानं गाडीच्या छतालाही तेच फासलं होतं, चांगले दोन हात. आता त्या चुन्याच्या खपल्या निघत होत्या आणि पाण्याबरोबर त्याचे ओघळ खिडक्यांवर उतरले होते.

सांडूदादानं शिडीवर चढून छतावरून तळवा फिरवला. "साहेब, गच्ची शिमिटाची असती. ही कातडी हाय. वरचा थर नखाएवढा बी जाड नाय."

"किती दिवस? शनिवारी पाहुणे येतायत माझे."

"कोमट पानी न् व्हिनेगरनं चुना आधी भिजवायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू काढायचा. मंग पानी मारत मारत आठशेचा पेपर, मंग बाराशेचा, मंग कंपाउंडची पेस्ट लावून मशीन, वरून मेणाचे दोन हात. घाई केली तर खालची काचेच्या धाग्यांची जाळी उघडी पडंल."

विश्वजितनं फक्त शनिवार ऐकला.

पहिल्या दिवशी आप्पासाहेबांनी चहा पिता पिता त्याला कडूबाईच्या बंधपत्राची गोष्ट सांगितली, आणि तीही हसत हसत. आप्पासाहेब मनानं वाईट नाहीत, पण तोंडाला कुलूप नाही. दुसऱ्या दिवशी विश्वजित बूट घालून छतावर चढला, नुकत्याच घासलेल्या भागावरून चालत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काय गं, तू म्हणे लोकांचे गाल घासतेस?"

कडूबाईनं मशीनचा वेग वाढवला.

"माझा घास की. हा बघ." त्यानं गाल पुढं केला. ती घासतच राहिली, तसं त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. मग दुसरी. "उचल ना हात. उचल. अरे, शेरनी तर पाळीव निघाली!"

फिरतं मशीन त्याच्या तोंडावर दाबावं, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं नाही, तिनं ते पूर्ण बघितलं: नाक, ओठ, रक्ताचे शिंतोडे. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मग मेघा आठवली आणि तिनं मशीन छतावरच इतक्या जोरात दाबलं की खालून सांडूदादा ओरडला, "जाळी निघंल, बाई! छताचा काय गुन्हा हाय?"

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब बाकीच्या माणसांना घेऊन टाक्या पोचवायला वैजापूरला गेले. दुपारपर्यंत पुढचं अर्धं छत असं निघालं होतं की त्यात आभाळ दिसावं. मागच्या अर्ध्यावर चुना अजून तसाच होता. सांडूदादा मागच्या बाजूला शिडीवर उभा राहून, मान वर करून, छताच्या कडेच्या पन्हळीतला चुना पट्टीनं काढत होता. कडूबाई पुढं मशीन चालवत होती. विश्वजित वर आला तेव्हा त्याच्या हातात फरशी धुवायच्या ऍसिडच्या दोन बाटल्या होत्या.

तिनं बघितलं आणि ओरडली, "ओ साहेब, ते नगा टाकू! खाली दादा हाय!"

मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल, असं पुढं त्याचा वकील म्हणाला. पण त्यानं उत्तर दिलं होतं, म्हणजे ऐकू आलंच होतं. "तुमच्या व्हिनेगरनं दिवाळी उजाडेल," असं म्हणून त्यानं दोन्ही बाटल्या चुन्यावर उलट्या केल्या. चुना फसफसून वर आला, फेस उताराला लागला आणि कडेवरून थेट सांडूदादाच्या वर केलेल्या तोंडावर कोसळला.

तशी किंकाळी कडूबाईनं बाजारात, जेलात, कुठंच ऐकली नव्हती. पाठोपाठ शिडी पडल्याचा आवाज आला. चालू मशीन हातातून टाकायचं नसतं, हे तिला पंधरा वर्षं पाठ होतं. तिनं ते टाकलं. मशीन चकाकत्या छतावर नाचत गेलं आणि वीतभर लांब चीर पाडून, आतली जाळी उघडी करून थांबलं. तोवर ती खाली उडी मारून पाण्याच्या नळीपाशी पोचली होती.

सांडूदादा जमिनीवर तडफडत होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढलं, एका हातानं त्याच्या पापण्या फाकल्या आणि दुसऱ्या हातानं डोळ्यांवर नळी धरली. चेहऱ्याची कातडी लाल होऊन सोलून निघत होती. "पानी थांबवायचं नाय, दादा. डोळं उघडं ठिवा. उघडं!" त्यानं चाचपडत तिची दोन्ही मनगटं पकडली.

विश्वजितनं आधी बघितली ती छतावरची चीर. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात वायपरचा ॲल्युमिनियमचा दांडा होता.

"माझी गाडी फाडलीस? रांडे, माझी गाडी फाडलीस?"

पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं कान फाटला आणि रक्त तिच्या मानेवरून सांडूदादाच्या सदऱ्यावर गळू लागलं. तिनं नळी हलू दिली नाही. पण चौथ्या फटक्याला तिच्या अंगातलं वर्षभराचं सगळं दाबलेलं एकदम उसळलं. कसलं बंधपत्र, कसलं जेल, तिला काहीच आठवेना, मेघासुद्धा नाही. तिला फक्त तो दांडा हिसकावून त्याच्या नरड्यावर आडवा दाबायचा होता.

"दादा, एक हात सोडा! एकच सोडा! आज मी याला ठिवत नाय!"

सांडूदादाची पकड आणखी आवळली. त्याची नखं तिच्या मनगटात शिरली. ती किंचाळली, शिव्या घातल्या, हात झटकले, पण त्या साठी उलटलेल्या म्हाताऱ्यानं, भाजलेल्या तोंडानं कण्हत, पकड ढिली केली नाही. वरून दांडा पडत राहिला. शेजारच्या शेडमधले लोक धावत येऊन विश्वजितला ओढेपर्यंत दांडा वाकला होता.

पोलिसांना विश्वजितनं सांगितलं की बाईनं आधी मशीन घेऊन हल्ला केला, ऍसिड तिच्याच हातून सांडलं, ते झाकायला माझं नाव घेतेय, छतावरची चीर बघा. तिचं नाव दप्तरात होतंच. हवालदार म्हणाला, "तीच का तू, गाल घासणारी?" शेजारचे लोक शेवटी आलेले, आधीचं कुणी बघितलेलं नाही. आप्पासाहेब वैजापुरात. साक्षीदार एकच, आणि तो घाटी दवाखान्यात डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलेला.

फौजदार संध्याकाळी त्याचा जबाब घ्यायला आला. कडूबाई कानाला टाके घेऊन वॉर्डाच्या दारात उभी होती, बाजूला महिला पोलीस.

"काय पाहिलंत तुम्ही?"

"पाह्यलं काय नाय, साहेब. दिसतच नव्हतं."

कडूबाईनं दाराची चौकट धरली. संपलं, तिला वाटलं. उद्या नवरा येणार आणि मेघाला घेऊन जाणार.

"पन 'नगा टाकू, खाली दादा हाय' म्हनून ती वरून वरडलेली म्या ऐकलं. न् पयल्या फटक्यापास्नं शेवटच्यापतुर तिचे दोन्ही हात माझ्या हातात व्हते," सांडूदादा म्हणाला. "दांडा तिला बसायचा न् हिसका मला बसायचा. मारायला हात लागतात, साहेब. तिचे माझ्याकडं व्हते."

फौजदारानं कडूबाईला जवळ बोलावलं आणि बाह्या वर करायला सांगितलं. दोन्ही मनगटांवर बोटांचे काळेनिळे वळ होते, नखांच्या जागी रक्त साकळलेलं. त्यानं ते नीट बघितले आणि जबाबात लिहून घेतले. मग महिला पोलिसाला म्हणाला, "चला, हिला सोडा. त्या विश्वजितला आत घ्यायचाय."

ते गेल्यावर कडूबाई खाटेपाशी बसली. 

"लई आग होत आसंल," ती म्हणाली. "कसं धरलं व्हतं तुम्ही. हाड मोडतं का काय वाटलं."

"आग व्हती. पन डोळं माझं मीच उघडं ठिवू शकत व्हतो. दोन मिन्टांतच जमलं मला ते. नळी बी माझी मीच धरली असती."

"मंग सोडले का नाय हात? मी एवढी बोंबलत व्हते."

"म्हनूनच नाय सोडले." पट्ट्यांखालचं त्याचं तोंड हसल्यासारखं झालं आणि दुखून थांबलं. "नऊ दिस राह्यलेत ना अजून तुझे? मी बी मोजतो."

पुरुषाच्या हाताचे वळ तिच्या अंगावर आयुष्यभर उठत आले होते आणि त्यातल्या एकाही वळासाठी ती कधी रडली नव्हती. आता ती रडली, नाक-डोळे वाहू देत, वॉर्डातली माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. मग तिनं चादरीवरचे त्याचे दोन्ही हात उचलले, आपल्या मनगटांवरच्या त्याच काळ्या खुणांवर नेऊन ठेवले आणि म्हणाली, "मंग नऊ दिस धरून ठिवा, दादा. तो विश्वजित उद्या जामिनावर सुटंल."