झाकणाबरोबर आलेला पाहुणा

चिनी मातीचं जुनं भांडं विकत घेण्याआधी नलूकाकू त्याच्यावर नखाने टिचकी मारायच्या आणि कान लावून ऐकायच्या. विक्रेत्याला वाटे, बाई तडा शोधताहेत. काकू मात्र आत कोणी आहे का ते बघत. मग पर्समधली पुरचुंडी सोडून भांड्यात मूठभर तांदूळ घालायच्या आणि मगच ते घरी आणायच्या. "रिकाम्या भांड्यात जुना मालक बसलेला असतो गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "आयुष्यभर ज्यात जेवला, ते असं सोडतो होय कोणी?"

खराडीत आमची दारं समोरासमोर. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू काका गेल्यापासून एकट्याच राहत. त्यांच्याकडे चहाच्या किटलीत वाती असत, सूपच्या भांड्यात लोकरीचे गुंडे. तीन बशा पितळी पेल्यांवर चिकटवून त्यांनी उतरंड केली होती, तिच्यात बांगड्या. नवी माणसं म्हणत, "किती कलात्मक!" काकू कोरडेपणाने सांगत, "कला कसली डोंबलाची? बंदोबस्त आहे तो."

एकच निळ्या वेलीचा वाडगा त्यांनी रिकामा ठेवला होता. काका रोज त्यातून सूप प्यायचे. "परकी माणसं टपलेली आहेत आणि आमच्या ह्यांनाच सवड नाही," काकू म्हणायच्या. "जिवंतपणी तरी वेळेवर कुठे यायचे म्हणा!" बोलणं थट्टेचं, पण नजर वाडग्यावर. माझ्या अंगावर काटा यायचा आणि वाईटही वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात पुसताना त्या वाडग्याचं झाकण त्यांच्या हातून फुटलं. काकू जेवेनात. शेवटी मीच त्यांना जुन्या बाजारात घेऊन गेले, आणि नशिबाने तशाच वेलीचं सुटं झाकण मिळालं. काकू इतक्या खूश झाल्या की पुरचुंडी बाहेर निघालीच नाही. आणि झाकणात तांदूळ घालणार तरी कसे?

आठवड्याभराने त्यांनी मला बोलावलं आणि वाडग्यावरचं झाकण उचललं. तपकिरीचा दाट वास आला.

"काका तपकीर ओढायचे?"

"छे! ह्यांना शिसारी होती तिची." काकूंनी हातातलं झाकण पुढे केलं. "झाकणाबरोबर आलंय कुणीतरी."

मी धावत तांदळाचा डबा आणला. काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब. तांदूळ घातले की हा जाईल. पण मग ह्यांची जागाही जाईल." मग त्यांनीच हलक्या हाताने झाकण लावलं. "राहू दे. ह्यांना यायचं असतं तर एवढ्यात आले असते. हा निदान आला तरी."

त्यानंतर त्यांच्या दारातून बोलणं ऐकू यायचं. "आपण बसा, मी वरण उतरवून आले." त्या आवाजात नेहमीचा तिखटपणा औषधालाही नसे. मला त्या दाराची भीती वाटू लागली. तरी मी जाणं सोडलं नाही, कारण काकू पूर्वीसारख्या जेवू लागल्या होत्या.

मग त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. स्ट्रेचरवरून त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली. "त्यांना सांग, मला यायला उशीर होईल."

"कोणाला, काकांना?"

"ह्यांना कशाला?" काकू थकून हसल्या. "हे कधी आलेच नाहीत."

मी दोन दिवस टाळलं. रिकाम्या घरात जाऊन एका वाडग्याला निरोप सांगायचा, या कल्पनेनेच पाय उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू गेल्या. इस्पितळातून मी थेट त्यांच्या घरी आले, कुलूप उघडलं आणि झाकण उचललं. काय बोलायचं ते मनाशी ठरवलं होतं.

तपकिरीचा वास नव्हता. वाडगा नुसता चिनी मातीचा होता, गार. सांगायला तिथे कुणी उरलंच नव्हतं. काकू एकट्या गेल्या नाहीत, एवढं मला कळलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.