फरशीवर ठेवलेला दिवा

माझा धंदाच विजेच्या सामानाचा, शहापूरला. दिवा का लागला आणि का नाही लागला, हे मला सांगता आलंच पाहिजे. कुणी भुताच्या गोष्टी काढल्या, की मी त्याला चहा पाजून वाटेला लावते. तरी हे लिहितेय, कारण हे मी भर दुपारी, धडधाकट डोळ्यांनी पाहिलंय.

२००६ साल. तानसा तलावाच्या बाजूला मुंबईच्या एका जोडप्याचा बंगला बांधून होत आला होता. त्यांना भिंतीवर साठ सालच्या फॅशनचे दिवे हवे होते... पितळी दांडी, पत्र्याची निमुळती शेड. मुरबाडला एक जुना बंगला पाडत होते, तिथून मी तसे दोन दिवे उचलले. नवे होल्डर, नवी वायर घातली, दुकानात बल्ब लावून तपासले आणि तसेच घेऊन गेले.

सोबत बबन, माझा धाकटा दीर. हात चांगला, पण वायर दातांनी सोलायची खोड. पंधरा दिवसांपूर्वीच त्याला मुलगी झाली होती.

तेव्हा आमच्याकडे बारा ते चार लोडशेडिंग. सगळे वायरमन त्याच वेळात कामं उरकायचे आणि मेनचा फ्यूज काढायची तसदी कुणी घ्यायचं नाही. लाईट नाहीच, तर काढायचा कशाला? मीही कधी बोलले नव्हते.

अडीच वाजले असतील. वरच्या खोलीत बबन लोखंडी घोड्यावर, म्हणजे कामाच्या उंच तिवईवर उभा, भिंतीतून आलेली वायर दातांत. स्विचबोर्ड बसला नव्हता, वायर थेट मेनला. दोन्ही दिवे फरशीवर पेपरवर, त्यांच्या वायरीची गुंडाळी दोऱ्याने बांधलेली, कशालाच न जोडलेली.

त्यातला एक लागला.

पिवळा, स्वच्छ उजेड. बबनने वायर थुंकली. "लाईट आली गो, वयनी."

मी भिंतीतल्या वायरला टेस्टर लावला. मेलेली. खाली बंगल्याच्या वॉचमनचा विजेवरचा रेडिओही गप्प. इन्व्हर्टर बसायचा होता. मी वाकेपर्यंत दिवा विझला. शेडला बोट लावलं तर चटका बसला.

बबन हसत म्हणाला, मुरबाडवरून तू भूत पण फुकट आणलंस. आणि वायर परत तोंडाकडे नेली.

"आधी खाली जा. फ्यूज काढ."

"चार वाजेपर्यंत लाईट येत नाय."

"पाय दुखतात का तुझे?"

तो कुरकुरत घोड्यावरून उतरला. दारापर्यंत पोचला असेल-नसेल, तोच खाली रेडिओ एकदम केकाटायला लागला. मी टेस्टर पुन्हा लावला. पेटला. बबन दाराला धरून खाली बसला. पाणी मागितलं त्याने.

लाईट दीड तास आधी आली, त्यात नवल नाही. लाईनवर कुणीतरी वेळापत्रक बदललं असेल. पण तो दिवा? दुकानात नेऊन स्क्रूपर्यंत खोलला. बॅटरी नाही, काही नाही. दोघा जुन्या वायरमनांना दाखवला, ते बल्बला दोष देऊन मोकळे झाले. शेवटी जोडून त्याच भिंतीवर लावला. बटण दाबलं की लागतो, बंद केलं की विझतो, कसलीही तक्रार नाही.

बबन आता फ्यूज काढून खिशात घालतो, मगच घोड्यावर चढतो. तो दिवा तार न जोडता कशावर लागला, हे मला आजही सांगता येत नाही. धंद्यात एवढं एकच उत्तर माझ्याकडे नाही. दीर मात्र रोज समोर बसून जेवतो.