पायरीचा खिळा

कल्याणच्या बाजारात आमच्या शाळेसमोर एका तांबटाचं दुकान होतं. त्याचं बोलणं हातोड्याच्या तालावर चाले: दोन शब्द, एक ठोका. साध्या प्रश्नाच्या उत्तरालाही धीर लागे, पण मी मास्तर, मला त्याची सवय होती.

घाटावर जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची हातभर लांब प्रतिकृती तो जमवत होता. फुटक्या तांब्याचा बॉयलर, बंबाच्या नळीचं धुराडं, चाकांना सोनाराच्या तराजूची पारडी. रोज स्टेशनावर जाऊन तो खऱ्या इंजिनासमोर उभा राही आणि परत येऊन कुठलीतरी पट्टी कानशीने घासत बसे.

दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत त्याने ते इंजिनही मांडलं. त्याच गाडीवर कोळसा टाकणारा आगवाला सोनं द्यायला आला होता. त्याने ते निरखून पाहिलं आणि हसला.

"पायरीला खिळे चार असतात, दादा. तुम्ही तीनच मारलेत."

त्या दिवशी हातोडा पूजेत होता, म्हणून उत्तर सलग आलं. "तुमच्या डाव्या पायरीलाही कालपासून तीनच आहेत. बघून या."

आगवाला हसतच गेला. संध्याकाळी आला तेव्हा हसत नव्हता. त्या पायरीवर पाय देऊन तो रोज चढे. त्याने तांबटाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तांबट आधी स्टेशनावर जाऊन पायरीला चौथा खिळा बसलेला बघून आला. मगच त्याने कनवटीचा खिळा काढला आणि आपल्या इंजिनाला पुन्हा जागच्या जागी ठोकला.