नळापाशी अडकलेली नमाज

"ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, आम्हाला कळेल असं सांगा."

"मनात नको असलेली शंका पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवायला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. तुमची मुलगी हट्ट करत नाही, ती आजारी आहे. उपचारांनी बरं वाटतं यात."

माझी सुमैया नववीत. शेजारी ओढणीत हात गुंडाळून बसली होती. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला संताप. कारण इथवर यायला जवळजवळ एक वर्ष गेलं होतं, आणि ते सगळं तिच्या कौतुकात गेलं होतं!

आम्ही लोणावळ्याचे. सुमैयाचे अब्बू पर्यटकांची गाडी चालवतात, मी घरी कपडे शिवते. पोरगी मनापासून नमाज पढायला लागली तेव्हा आम्हाला आनंदच झाला. नमाजेआधी वजू करायचा असतो, म्हणजे हात, तोंड, पाय ठरल्या रीतीने धुवायचे. दोन-चार मिनिटांचं काम. हिचं मात्र वाढतच गेलं. कोपरापाशी सुकं राहिलं असेल, मग पुन्हा पहिल्यापासून. मध्येच कुणी हाक मारली, पुन्हा पहिल्यापासून. दुपारच्या नमाजेसाठी आत गेलेली पोर असरची, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजेची, अजान झाली तरी नळाशीच. बाहेर यायची ती रडतच, आणि नमाज राहिलेलीच असायची.

नातेवाइकांना त्याचं काय! वराळ्याची माझी मोठी नणंद, शमीम आपा, आली की बाथरूमच्या बंद दाराकडे बघून म्हणायची, "लय नशीबवान हायेस गं. आमच्या पोरी मोबाइल सोडत न्हाईत, आन् ही बघ."

"आपा, हात बघा तिचे. फुटून रक्त येतंय."

"खोबरेल लाव की."

खोबरेल लाव म्हणे!

लावलं. मग त्वचेच्या डॉक्टरांचं मलम लावलं. साबण बदलला, रक्त तपासलं, अॅलर्जीची तपासणी केली. सगळं नॉर्मल. त्या शब्दाचा मला वीट आलाय. पोरगी शाळेत जाईना, कारण तिथल्या नळाला हात लावला की झालंच. नीट जेवेना. आणि रिपोर्ट सांगतोय, सगळं ठीक आहे. शेवटी त्याच डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून विचारलं, "दिवसातला किती वेळ हे पाण्यात असतात?" मी सांगितलं, तसं त्यांनी पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

घरात भूकंप! आपा फोनवर, "पोरीला येडी ठरवतीस व्हय? उद्या लग्न व्हायचंय तिचं."

म्हटलं, "लग्नाचं नंतर बघू. आधी ती बाथरूममधून बाहेर तर येऊ दे."

दवाखान्याच्या बाकांवर मी म्हातारी माणसं असतील असं धरून चालले होते. सगळी पोरंच होती. एक कॉलेजची मुलगी लहान मुलांच्या मानसिक आजारांचा अभ्यास करत होती. आयांची परवानगी घेऊन प्रश्न विचारायची. मला म्हणाली, "पहिली लक्षणं दिसल्यावर इथे यायला उशीर कशामुळे झाला?"

"लिहा, नातेवाईक."

"त्यांनी विरोध केला का?"

"विरोध केला असता तर परवडलं असतं. कौतुक केलं."

तेही लिहिलं बिचारीने.

उपचार दोन होते. एक गोळी, आणि दुसरा एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे शंका येऊ द्यायची, भीती वाटू द्यायची, पण पुन्हा धुवायचं नाही. भीती हळूहळू आपोआप उतरते. ऐकायला सोपं आहे. आणि मला काय काम दिलं? गप्प बसायचं! सुमैया दाराआडून विचारायची, "अम्मी, झाला ना गं माझा वजू?" पूर्वी मी शंभरदा सांगायचे, झाला बाई, झाला. आता उत्तर द्यायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या 'झाला'ने तिला घडीभर बरं वाटतं आणि शंका आणखी पक्की होते." मला एक वेळ जेवू नका सांगा, पण गप्प बसा सांगू नका.

त्यांनीच आम्हाला मौलानांना भेटायला सांगितलं. मौलाना शांतपणे म्हणाले, "बेटी, तीनदा धुतलं की बास. पुढची शंका आली तर तिच्याकडे बघूही नकोस. आणि औषध घेणं हेसुद्धा आपलं काम आहे." सुमैया हे ऐकून ढसाढसा रडली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपणच नापाक, आपलीच नियत खोटी. माझ्या लेकराने हे एकटीने सोसलं, आणि आम्ही बाहेर चहा पीत तिची तारीफ ऐकत होतो.

लगेच बरी झाली असं समजू नका. काही दिवस माझ्या अंगावर ओरडली, दार आपटलं, गोळी लपवली. सुधारली, पुन्हा घसरली. मीही मशीनवर बसून ओठ चावत राहिले. मग हळूहळू नळ लवकर बंद व्हायला लागला. ती शाळेतही जायला लागली, आधी अर्धा दिवस.

तुमच्या घरी कुणी पोर तासन् तास धूत असेल, मोजत असेल, तपासत असेल, तर लोक शहाणं म्हणतात की वेडं, यात पडू नका. त्या लेकराला विचारा की तुला त्रास होतोय का. एवढंच विचारायला आम्ही विसरलो होतो.

परवा संध्याकाळी ती मगरिबची नमाज पढून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"अम्मी, आज दुआ मागायला निवांत वेळ मिळाला."

मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. "काय मागितलंस गं?"

"तुझा राग जरा कमी होऊ दे म्हणून."

म्हटलं, "मागत राहा बाई. ती कबूल व्हायला वेळ लागेल."

आणि दोघी हसत सुटलो.