कुटलेल्या खारकेचं माप

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं आणि बाळ पुण्यातच झालं. मी जावं, तर इथे मंठ्यात सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. त्यांचं अंग पुसणं, औषधं, चादरी बदलणं सगळं माझ्याकडे, वर शाळेची नोकरी. मी इतकी आंबून गेले होते की भाजी निवडता निवडता डोळा लागायचा. लेक फोनवर विचारायची, "आई, तू कधी येतेस?" मी बाळाच्या शी-शूवर विषय न्यायचे.

जाता येत नव्हतं, निदान डिंकाचे लाडू तरी तिच्या पोटात जावेत. जावई म्हणाले, "तुम्ही दगदग करू नका, मी इथेच करतो. फक्त ग्रॅममध्ये सांगा, माझ्याकडे वजनकाटा आहे." फक्त! आमच्या घरात लाडवाचं माप सासूबाईंच्या डोक्यात, आणि तेही चिपट्यात. चिपटं म्हणजे धान्य मोजायचं लहानसं माप.

"खारीक दोन चिपटी, शीग लावून," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "मनुका एक चिपटं, सपाट."

"आत्या, ग्रॅममध्ये किती होईल?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला काय ठाऊक? मी काय लेकरं ग्रॅमानं पोसली का?"

शाळा सुटल्यावर चिपटं पिशवीत घालून किराणा दुकानात गेले. मनुका भरल्या, हात फिरवून सपाट केल्या, काट्यावर ओतल्या. ते नीट झालं. खारकेची मात्र शीग लागेना. ढीग केला की खारका गडगडून खाली. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, मेवा कोनी मापानं घेतं का?" माझे पाय ठणकत होते, घरी सासूबाईंची चादर ओली झालेली असणार होती. मापात जेवढ्या राहिल्या तेवढ्या तोलल्या, दोन चिपट्यांसाठी वजन दुप्पट केलं, आकडे जावयांना कळवून टाकले.

दोन दिवसांनी लेकीचा फोन. लाडू वळतच नव्हते. तूप सुटून परातीत नुसता चिखल झाला होता. एवढं सांगून ती रडायलाच लागली. "राहू दे ते लाडू. तू ये ना." मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या खाटेशी बसून त्यांना लाडवांचं सांगितलं.

"सगळीच खारीक मापली का तू?" त्यांनी विचारलं. "बियासुद्दा? अगं, अख्खी मापली की पूड कमी भरती अन् तूप सुटतं. आधी कुटायची, मंग मापायची!"

हे मला कधी कळलंच नव्हतं. आमच्याकडे कुटायचं सुनेनं आणि मापायचं सासूनं. मी खारीक कुटून परात आत सरकवायची आणि पुढच्या कामाला लागायची. इतकी वर्षं खलबत्ता माझ्या हातात, पण मापाच्या वेळी मी कधी तिथे नव्हतेच. संताप आला. भांडायचं मात्र त्राण नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "लाडवाचं सोड. तू जा लेकीकडं."

"आणि तुमचं कोण करणार?"

"हा हाये की." दारात पेपर घेऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे त्यांनी बोट केलं. "चादर कशी काढायची ते दाखव त्याला."

"मला कसं जमंल, आई?" हे दचकलेच.

"लहानपणी तुहं मी केलंच की."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. त्या दिवशी चादर त्यांनी बदलली. मी बाजूला उभी राहून तेवढं सांगत होते. आईला त्यांनी हळूच कुशीवर वळवलं. चादर एका बाजूला लोंबली, उशीपाशी चुण्या पडल्या. सवयीनं माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला आणि पिशवी भरायला आत गेले.